पहिल्या फेरीची जागा

प्रिय सान्ना,

बसवाल्याने हे पत्र आणि त्याबरोबरचं जड पार्सल तुझ्या हातात दिलं असेल, तर आधी पत्र वाच. पार्सल नंतर उघड. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू आधी दोरी कापायला घेशील. लोखंड आहे, नासणार नाही, थांब जरा.

गाडीला ट्रेलर जोडायच्या कपलिंगच्या चाचणीचा निकाल आम्हा दोघांपैकी कुणीच सांगत नाही, अशी तक्रार तू लेनाआत्याकडे केलीस म्हणे. मी फोनवर सांगितलं असतं. पण तुला फोन करावा तर तू शनिवार-रविवार खोरिक्सासला आईकडे असतेस, मागे तिचं भांडं आपटत असतं आणि त्याच्याही मागे तिचा तो नवरा, आल्फोन्स, हसत असतो. त्या माणसाला हसायला कारण लागत नाही. आकाशात ढग नसला तरी हसतो, असला तरी हसतो. त्या हसण्याला ऐकवत निकाल सांगायची माझी इच्छा नव्हती. बाकी इकडे रेहोबोथला सगळं ठीक. वारा सुटलाय, तोंडात वाळू येते, आत्याच्या शेळीला जुळी झाली आणि आत्या त्यातल्या एकाला माझं नाव देणार होती. ते करडू सारखं रुसून कोपऱ्यात बसतं म्हणे.

मला खरं काय लागलं ते सांगतो, आडपडदा कशाला. जनावरांच्या लशींची नोकरी मिळाली, ओपुवोच्या पलीकडे त्या दगडधोंड्यांत एकटीने ट्रेलर ओढत जायचं ठरलं, तेव्हा तू मला विचारलंस, "पा, कुठलं कपलिंग लावू?" माझी छाती अशी फुगली की वर्कशॉपचं दार पुरेना. मी रात्रभर उत्तर जुळवलं. आणि सकाळी कळलं की तू तेच, अगदी त्याच शब्दांत, आल्फोन्सलाही विचारलं होतंस. बाई गं, दोन वैद्य बोलावले की रोगी हसतो आणि वैद्य आजारी पडतात.

साधं गोळ्याचं कपलिंग नको, यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं, याचाही मला रागच आला. गोळ्याचं कपलिंग डांबरी रस्त्यावर ठीक. नदीच्या कोरड्या पात्रात उतरलीस की पिकअपचं डावं चाक खड्ड्यात जातं आणि ट्रेलरचं उजवं. पुढचा एका कुशीवर, मागचा दुसऱ्या. गोळा तेवढा पीळ सहन करत नाही, मग मान तुटते. नाही तुटली तर त्याहून वाईट. ट्रेलर उलटतो आणि जाताना गाडीलाही बरोबर नेतो. म्हणून जोड असा हवा की ट्रेलर वर-खाली झाला पाहिजे, डावी-उजवीकडे वळला पाहिजे आणि मुख्य म्हणजे पूर्ण कुशीवर फिरला पाहिजे. ट्रेलर आडवा पडला तर पडू दे, लशी सांडतील तर सांडू देत, तू बसलेली गाडी चार चाकांवर उभी राहिली पाहिजे. मला एवढंच कळतं.

आल्फोन्स म्हणाला विकत घेऊ, परदेशी आहे, उत्तम आहे. मी म्हणालो, माझ्या पोरीच्या गाडीमागे काय लागेल ते माझ्या हातचं लागेल. मी आपल्या अंगणातल्या मेलेल्या लँड क्रूझरचं पुढचं चाक उघडलं, तीच गाडी, जिच्या टपावर बसून तू बाहुलीला वेल्डिंगचा चष्मा घालायचीस. त्याचा आखूड अॅक्सल कापून जाड नळीत बसवला, दोन्ही टोकांना पितळी कड्यांचे बुश, पुढे दुहेरी काटा, त्यात आडवा-उभा खिळा. शेवटी मोठा नट आणि तो सुटू नये म्हणून आरपार पिन. आणि मग ग्रीस, भरपूर. माझ्या आजोबांनी शिकवलं तसं. ते बैलगाडीच्या आसाला मेंढीच्या शेपटीची चरबी आणि डांबर कालवून इतकं थापायचे की गाडी गावात शिरण्याआधी वास शिरायचा. "आस ओला, तर रस्ता भला," म्हणायचे. आपल्या रेहोबोथच्या लाल वाळूत मी ते कपलिंग खूप पळवलं. मांजराच्या पावलांनी चाललं. लेनाआत्या बघून म्हणाली, "अरे फ्लोरिस, बायकोला एवढं ग्रीस लावलं असतंस तर गेली नसती." तुझ्या आत्याच्या तोंडाला कुणी पिन लावत नाही.

तुला आपल्या अंगणाची रीत आठवते ना? ज्याने जोड बांधला, त्याने पहिल्या फेरीला चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचं. बैलगाड्यांच्या काळापासूनची रीत आहे. चाक करणारा सुतार पहिल्या मुक्कामापर्यंत गाडीवर बसून जायचा, म्हणजे चाक मोडलं तर शिव्या खायला माणूस हजर. तू लहान होतीस तेव्हा पाद्रीसाहेबांच्या ट्रेलरच्या पहिल्या फेरीला माझ्या मांडीवर बसून आली होतीस आणि खड्डा आला की मोठ्याने ओरडायचीस, "पा-ने तोडलं!" पाद्रीसाहेब हसून हसून गाडी चालवायचे थांबले. तर ही रीत तू विसरली नसशील म्हणून मी समजून चाललो होतो की कुणाचं कपलिंग लागतं यावर तुझ्या शेजारी कोण बसणार ते ठरणार. आल्फोन्सला रीत माहीत होती की नव्हती, मला ठाऊक नाही. मी मुद्दाम सांगितली नाही.

मग मी माझं कपलिंग घेऊन खोरिक्सासला आलो. मला तिथे यायला आवडत नाही, पण कपलिंगसाठी आलो. त्यांच्या दारात तुझ्या चपला बघितल्या. माझ्या दारातही तुझ्या चपला आहेत, पण त्या शाळेतल्या, आता तुझ्या अंगठ्याला तेवढ्या बसतील. आल्फोन्स तुला चहात साखर किती ते न विचारता टाकत होता. माझ्यासाठी त्याने बकरा कापला, चूल पेटवली, मला सावलीतली खुर्ची दिली, तुझी आई मला "अजून बारीक झालास" म्हणाली. एवढं चांगलं वागले की मला नीट चिडताही येईना. पाहुणचाराने माणसाचे हात बांधतात ते असे.

आणि जेवताना तू म्हणालीस, "पा, मीठ दे जरा."

तुझ्या लक्षातही आलं नसेल. तू ताटात बघत होतीस. मी हात पुढे केला आणि त्यानेही केला. मिठाचं भांडं त्याच्या जवळ होतं, त्याचा हात आधी पोचला. तू मीठ घेतलंस आणि वर न बघता खात राहिलीस. तू त्याला कधीपासून पा म्हणतेस हे मी विचारलं नाही. आधी आल्फोन्सकाका म्हणायचीस. तो तुला शाळेतून आणायचा, तापात उशाशी बसायचा, तू गाडी शिकलीस ती त्याच्या गाडीवर, हे सगळं मला माहीत आहे. मी माझा हात तसाच नेऊन पाण्याचा तांब्या उचलला. पाणी नको होतं मला.

सोमवारी तू ओपुवोला गेलीस आणि आम्ही दोघे तुझा ट्रेलर घेऊन हुआब नदीच्या कोरड्या पात्राकडे निघालो. पोती भरली वाळूची, लशींच्या फ्रीजच्या वजनाची. पहिलं माझं कपलिंग. सुरुवातीला असं चाललं की मी शीळ घालू लागलो. आल्फोन्स गाडी चालवत होता आणि खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "फ्लोरिसदादा, बघा, बघा, कसं फिरतंय! आपल्याला जमलं नसतं बुवा!" मी मनात म्हटलं, जमलं नसतंच.

पण त्या भागातली धूळ आपल्या वाळूसारखी नाही, सान्ना. आपली वाळू गोल, जाड, झटकली की पडते. तिकडची पांढरी, पिठासारखी. जिथे ओलं दिसेल तिथे बसते. माझ्या त्या आजोबांच्या भरपूर ग्रीसमध्ये ती अशी कालवली गेली की परतीच्या वाटेला जोड कण्हायला लागला आणि एका घळीत अडकूनच बसला. कुशीवर फिरेना. पिकअप सरळ आणि ट्रेलर एक चाक वर करून, विजेच्या खांबापाशी कुत्रा उभा राहतो तसा. मी खाली उतरून पिन काढली, नट सोडला, अॅक्सल बाहेर ओढला. पितळ खरवडून निघालं होतं. ग्रीस नव्हतंच ते, पॉलिश पेपरचा लगदा झाला होता. माझ्याच हाताने मी माझा जोड घासून खाल्ला होता.

आल्फोन्स शेजारी येऊन उकिडवा बसला. मी वाट बघत होतो की आता हसेल. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस हसला नाही. म्हणाला, "दादा, रेहोबोथच्या वाळूत हे तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंत चाललं असतं." मला वाटलं त्यापेक्षा त्याने दात काढले असते तर बरं झालं असतं. मग त्याचं विकतचं लावलं. जाड काळ्या रबरासारखे बुश, ग्रीसचा थेंब लागत नाही, धूळ बसायला जागाच नाही. त्याच घळीतून ते ये-जा करत राहिलं. एकदा मी मुद्दाम, हो मुद्दाम, ट्रेलरचं चाक मोठ्या दगडावर चढवायला लावलं. ट्रेलर आडवा झाला, पोती पडली, दांडा जोडात गर्रकन फिरला आणि पिकअप जागची हलली नाही. मी त्या उभ्या पिकअपकडे किती वेळ बघत राहिलो. तिच्यात तू बसलीस असं समजून बघत होतो.

परत येताना आल्फोन्स म्हणाला, "निकाल तुम्हीच कळवा तिला. मी काही बोलणार नाही, तुम्ही सांगाल तो खरा." म्हणजे बघ, मला खोटं बोलायची मोकळीक देऊन गेला. आणि मी ती घेऊन रेहोबोथपर्यंत आलो. मी लिहिलं असतं की माझं जिंकलं, तर तो गप्प बसला असता, मी नवा जोड बांधला असता आणि तुझ्या शेजारी बसलो असतो. दोन-तीन दिवस माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. शेवटी वर्कशॉपमध्ये तो खरवडलेला अॅक्सल समोर ठेवला आणि विचार केला की तू ओपुवोपलीकडे घळीत असशील आणि मी तिथे नसेन. तेव्हा जोडाला कुणाचा हात लागलाय याला काय चाटायचंय?

तर ऐक. आल्फोन्सचं लाव. निकाल लागला. त्याला सांग फ्लोरिस म्हणाला की उत्तम आहे, आणि हे सांगताना हसू नकोस.

आता पार्सल उघड. त्याच्या कपलिंगची भोकं तुझ्या ट्रेलरच्या दांड्याला जुळत नाहीत, हे तिथे आम्हा दोघांनाही दिसलं होतं. आम्ही चाचणीपुरतं शिकंजे आवळून भागवलं. ही मधली पट्टी मी बांधली आहे. जाड पत्रा, मागून आधार, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग, ग्रीस कुठेही नाही. लेनाआत्या म्हणते, "चार भोकांची पट्टी केली आणि सुतार झाला!" तिला म्हणू दे. आल्फोन्सने कपलिंग आणलंय, बांधलेलं नाही. ज्यांनी बांधलं ते समुद्रापलीकडे, ते काही तुझ्या शेजारी येऊन बसत नाहीत. रीतीप्रमाणे मग बांधणारा उरतो तो मीच. हवं तर आईला विचार, आल्फोन्सलाही विचार, रीत त्याला आता सांगितली तरी चालेल. त्याने शाळेच्या सगळ्या फेऱ्या केल्या, ही एक माझी. मी डबा घेऊन येईन, पाणी घेऊन येईन, मीठही घेऊन येईन. खड्डा आला की ओरड हवं तर, मी तोडलं म्हणून. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं, सान्ना. त्या गाडीत तू "पा, मीठ दे जरा" म्हणशील, तेव्हा एकच हात पुढे येईल.

तुझाच,
पा
(मूळचा)