फ्रीजच्या माथ्यावरचे दही

इरावती,

अण्णांना घेऊन जहाजाच्या डेकवर फेऱ्या मारायला जातो आहे. उठलीस की आधी मिनीबारच्या फ्रीजवरचा कप्पा उघड. दही लागले आहे, आणि चांगले कवडीसारखे लागले आहे!

घर बंद राहणार म्हणून बोरीवलीहून सोबत आणलेले तुझ्या आईंचे विरजण काल दुधाला लागेना, तेव्हा तू म्हणालीस, "संपलं. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं." मी म्हणालो, "दहीच ना गं ते? बुफेत हवं तेवढं आहे." हे विधान खरे होते आणि करायला नको होते. मागे घेतो.

दोष विरजणाचा नव्हता, केबिनमधल्या एसीचा होता. हा फ्रीज स्वतः धड गार होत नाही. पण कोंडलेल्या कपाटात आपली सगळी ऊब माथ्यावर सोडतो. डब्याच्या तळाशी उरलेला चमचाभर अंश कोमट दुधात कालवून मी तिथे ठेवला.

आता त्यातले थोडे छोट्या डबीत काढ, डबी बर्फाच्या भांड्यात ठेव आणि भांडे फ्रीजमध्ये. घरी पोहोचेपर्यंत विरजण टिकेल.

चव तीच आहे का, हे ठरवायला माझ्याकडे उपकरण नाही. म्हणून अण्णांना काही न सांगता एक चमचा दिला. बुफेतले दही त्यांनी रोज बाजूला सारले होते. हे चाखून थबकले आणि म्हणाले, "तिला तर बोट लागायची रे. तिचं दही इथे कसं?"

मग त्यांनी वाटी मागितली. निष्कर्ष पुरेसा आहे.

मुकुल