सकाळी सहाचा मेसेज

आप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मुरुडच्या एसटी स्टँडवरची ती सकाळ मला आत्ता छळतेय. तुम्ही तिथं कंट्रोलर होता. किल्लारीची दहाची गाडी सव्वानऊची झाली होती. मी लातूरहून कॉलेजच्या सुट्टीत आलो होतो, अक्षर बरं म्हणून तुम्ही खडू माझ्या हातात दिला. मी जुनी वेळ पुसली आणि झोकात नवी लिहिली. तुम्ही चष्म्यावरून बघितलं. "जुनी कशाला पुसलीस?" मी म्हटलं, ती गाडीच नाही आता. "गाडी न्हाई, पर माणसं हायती ना. माणूस बोर्ड वाचून येत न्हाई, सवयीनं येतंय." मग स्वतः उठून तुम्ही जुनी वेळ परत लिहिली, तिच्यावर रेघ मारली आणि खाली नवी लिहिली. महिनाभर ती तशीच ठेवली. रोज दहाला केबिनबाहेर उभं राहून, निघून गेलेल्या गाडीसाठी येणाऱ्यांना तुम्ही दुसऱ्या गाडीत बसवून द्यायचा. मला ते वेडेपणाचं वाटायचं.

मी एक अवजार बनवलंय, आप्पा. हाताचं नव्हे, कॉम्प्युटरचं. ठरल्या वेळेला ठरलेलं काम ते आपोआप करतं. कुणीही फुकट घ्यावं, आपल्या प्रोग्रामात जोडावं. त्यात 'सकाळी सहा' लिहिलं की आपल्या इथले सहा धरले जायचे. परदेशातले दोघंतिघं म्हणाले, हे गावठी आहे, जगाची एकच प्रमाणवेळ धरा. मला त्यांच्यात शहाणं दिसायचं होतं, म्हणून मी तसं बदललं; जगाचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. आमच्या धंद्यातही तुमचाच नियम आहे: जुनं चालू ठेवायचं, इशारा देत राहायचं, मग काढायचं. आणि बदल मोठा असेल तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायचा, म्हणजे लोक थांबून वाचतात. मी शेवटचा, बारीक आकडा वाढवला. त्यामुळे नवी आवृत्ती लोकांच्या मशीनवर न विचारता जाऊन बसली.

नांदेडच्या एका डायलिसिस सेंटरचं कॉम्प्युटरचं काम करणारी मुलगी हेच अवजार वापरत होती. कुणाचा नंबर किती वाजता, हे रोज सकाळी सहाला पेशंटना मेसेजनं कळायचं. त्या दिवशी मेसेज साडेअकराला गेले. दुपारनंतर तिचा फोन आला. "सर, भोकरचे एक काका मेसेजची वाट बघूनच राहिले. सकाळी आला न्हाई म्हणून आज नंबर नसंल समजले. आता दम लागलाय, ॲडमिट केलंय." आणि तोंडातून निघालं काय, तर "नव्या आवृत्तीच्या पानावरची बदलाची नोंद वाचली नव्हती का?" ती म्हणाली, "वाचली होती सर. वेळेचं काही दिसलं न्हाई." मी म्हटलं, पान परत उघडून नीट बघा. तिनं ते परत उघडलं. मग म्हणाली, "हाव सर, हाय की. पहिलीच ओळ हाय. माझंच चुकलं. सॉरी."

काका चार दिवसांनी घरी गेले. मी जुनी पद्धत परत चालू केली, इशारा घातला, लांबलचक माफीनामाही लिहिला. 'काहींच्या नजरेतून नोंद सुटली' असं त्यात लिहिलं. लोकांनी शाबासकी दिली, असा जबाबदार माणूस विरळा म्हणाले. ते वाचताना मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

कारण ती ओळ सकाळी तिथं नव्हतीच, आप्पा. 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं होतं मी. ती फोनवर भोकरच्या काकांचं सांगत होती तेव्हा मी एका हातानं ते पान उघडलं आणि इशारा सगळ्यात वर टाइप केला. त्या पानावर मागून केलेली दुरुस्ती कुणाला दिसत नाही. तिनं नंतर सेंटरच्या डॉक्टरांना 'चूक माझीच' असं लेखी दिलं. त्यांनी तिचं काम काढून दुसऱ्याला दिलं. मधे तिनं मला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या, वर पुन्हा सॉरी.

तिला खरं सांगायला तीन ओळी पुरतात. त्या मी लिहीत नाही. तुम्हाला मात्र एवढं पानभर लिहिलं, कारण हे कुठं पाठवावं लागणार नाही.