शेंडेफळ जमिनीवर

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. होडी धक्क्याला बांधून ठेवायचं भाडं एका झटक्यात तिप्पट झालं! वर विमा सक्तीचा. आपल्या राहत्या घराला पडत नाही इतकं भाडं आता अप्पांच्या शिडाच्या होडीला पडणार. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आकडा तोच. पैसे तू भरतेस, म्हणून आधी तुला कळवतोय.

बाहेर खाडीत नांगरून ठेवणं स्वस्त आहे, पण तिथवर वल्ही मारत जायचं अप्पांचं वय राहिलंय का? उरलं गोदीमागचं आवार. क्रेनने होडी उचलायची, डोलकाठी उतरवायची आणि लाकडी टेकूंवर कोरड्यात ठेवायची. हे जुन्या भाड्याहूनही कमी. मला वाटलं, अप्पा आकाशपाताळ एक करतील. होडी म्हणजे त्यांचं शेंडेफळच, तिला पहाटे भेटून आल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नाहीत! पण ते एवढंच म्हणाले, की ठेवा कोरड्यात. उद्या क्रेन येतेय.

भाडं वाढलं तरी लोभ कमी करू नये.

तुझा,
बंडू


ता. ११ मार्च

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

तिप्पट! हे भाडं आहे की दरोडा? आवारात हलवलीस ते बरं केलंस. पण बाबा रे, लाकडाची होडी आहे ती. कोरड्यात लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. अप्पांनीच शिकवलेलं विसरलास? रोज आत पाणी सोड, ओली पोती टाक.

अप्पा लगेच हो म्हणाले, हे काही मला पटत नाही. माझ्या लग्नालाही ते इतक्या पटकन हो म्हणाले नव्हते. दोन वर्षं तुझ्या लेकीला, सख्ख्या नातीला, होडीत पाय ठेवू देत नाहीत, हट्टीपणा वाढत चाललाय. लक्ष दे त्यांच्याकडे. आणि मी दिलेला निळा चौकड्यांचा शर्ट घालतात का रे? विचारलं की म्हणतात, जपून ठेवलाय.

पत्राला उशीर करू नकोस, जीव लागून राहतो.

तुझी,
ताई


ता. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून होडीत नळी सोडली. पाणी आत टिकेचना. वाकून पाहतो तर तळातून धारा, थेट माझ्या बुटांवर! फळीला बोट लावलं, ते भिजलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं. तेवढ्यात एक बोळा निसटून पायाशी पडला. डांबर फासलेला, निळा, चौकड्यांचा. ताई, तुझा शर्ट.

अप्पा पहाटे लाडकीला भेटायला जात नव्हते गं, रात्रभर शिरलेलं पाणी उपसायला जात होते! आणि हीच होडी घेऊन एकटे समुद्रात जायचे. मी आवारातच त्यांच्यावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा.

ते शांतपणे म्हणाले, की सांगितलं असतं तर तुम्ही विकून टाकली असती. नातीला का नेत नव्हतो, ते आता कळलं ना? मग हात चोळत म्हणाले, की हल्ली उपसताना हात भरून येतात, भाडं वाढलं ते बरंच झालं, नाहीतर ‘ठेवा कोरड्यात’ हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं. सुतार म्हणतो, तळ नवा घालावा लागेल. विकायची का, तूच सांग. माझं डोकं चालत नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बंडू


ता. २५ मार्च

ती. अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

बंडूचं पत्र वाचून मी तडक तुम्हालाच लिहायला बसले. एखाद्या दिवशी तुम्ही परतलाच नसतात तर? आम्ही काय होडीची डोलकाठी धरून रडलो असतो? मला तुमचा भयंकर राग आलाय आणि तो इतक्यात जायचा नाही.

होडी विकायची नाही. तळ नवा होईपर्यंत शेंडेफळ जमिनीवरच राहील, आणि नंतरच्या पहिल्या फेरीला नातीसोबत मीही असेन. शर्ट दुसरा पाठवतेय. हा अंगात घालायचा.

बंडूने पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय, की होडी आवारात गेल्यापासून तुम्ही उन्हं वर आली तरी उठत नाही, त्याला काळजी वाटते. मी त्याला कळवते, की उठवू नकोस. झोपा, अप्पा. आता पाणी शिरत नाहीये.

तुमची,
थोरली