मुरमाला एक पावसाळा

नाना, प्लॉट घेतला. मखमलाबादच्या पुढे, तीन गुंठे, पूर्वी द्राक्षबाग होती तिथं. तुम्ही असतात तर आधी मूठभर माती उचलून तळहातावर थुंकीनं मळली असतीत आणि तोंड वाकडं करून म्हणाला असतात, "काळी हाय. उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. घराला लय नाचवंल." मीही मळून बघितली, थुंकीऐवजी बाटलीतलं पाणी घेऊन. काळीच निघाली. तरी घेतला, कारण सात प्लॉट बघून झाले होते आणि नवऱ्याचं डोकं उठलं होतं.

तुम्ही जन्मभर गवंडी. एकलहऱ्याच्या वसाहतीत कितीतरी भिंती तुमच्या हातच्या, आणि आपण मात्र नाशिकरोडला भाड्याच्या दोन खोल्यांत. लहानपणचा एक दिवस आठवतो: शाळेला सुट्टी आहे, मी तुमचा डबा घेऊन कामावर येते. एका नव्या जोत्यात तांबूस मुरूम नुकताच भरलाय, पाय टाकला की रुततो. मी त्यावर उड्या मारायला लागते. तुम्ही थापी हातात तशीच धरून ओरडता, "उतर खाली! माणूस बसल्याबिगर जेवत नाय, अन् भराव बसल्याबिगर घर पेलत नाय. एक पावसाळा जाऊ दे त्याच्यावरनं." कामावरच्या सगळ्या बायांसमोर ओरडलात म्हणून मी दिवसभर गाल फुगवून बसले. संध्याकाळी तुम्ही तिखटमीठ लावलेला पेरू आणलात, माझ्या हातात दिलात आणि हातपाय धुवायला निघून गेलात.

लोकांची घरं बांधलीत, आपल्यासाठी मात्र तुम्हाला एकही जागा पसंत पडली नाही. एकीची माती वाईट, एकीच्या शेजारी नाला, एक रस्त्यापेक्षा खोल. आई म्हणायची, "अहो, जमीन बघताय का पोरीला नवरा?" तुम्ही हसण्यावारी न्यायचात. शेवटी भाड्याच्या खोलीतूनच गेलात. मला त्याचा फार राग होता, नाना. खरं तर अजून थोडा आहे.

आता आई ऐंशीची झालीय. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, डॉक्टर नुसतं "जपा" म्हणतात. तिनं स्वतःच्या घरात पाऊल टाकावं, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. पावसाळा तोंडावर आलाय. जेसीबीनं काळी माती उपसून झाली, मुरूम येऊन पडला. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, थर देऊ, पाणी मारू, रोलर फिरवू आणि लगेच काम धरू. दिवाळीला आजींना घेऊन राहायला या." मी म्हटलं, नाही, मुरमावरून एक पावसाळा जाऊ दे, मग बघू. नवरा भडकला. "आईंना घर दाखवायचंय की मुरूम?" बोलला ते बरोबरच होतं, पण मी हट्टाला पेटले. नानांनी सांगितलंय, असं म्हटलं की आमच्याकडे पुढं कोणी तोंड उघडत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी चाळीस वर्षं थांबवलं, तू एक पावसाळा थांबव. बापाची लेक शोभतेस हो!" आणि हसली.

हे कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. कॉलम खालच्या कडक थरावर उभे राहणार आहेत आणि वरचा भराव रोलरनं नीट दाबता येतो. इंजिनिअरनं नकाशा पसरून समजावलं तेव्हाच मला पटलं होतं. तुमच्या वेळी असा रोलर कुठला मिळायला! मी अडून बसले ती मुरमासाठी नाही. जागा बघायला लागल्यापासून तुम्ही रोज माझ्याशी बोलताय. माती बघ, उतार बघ, शेजाऱ्याचं पाणी कुणीकडं जातं ते बघ. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, एवढं कधी बोलला नव्हतात. मला फार आठवण येते हो तुमची. एकदा भिंती उभ्या राहिल्या की तुम्हाला विचारण्यासारखं काही उरायचं नाही, या भीतीनं मी आईचा एक पावसाळा खर्ची घालायला निघाले होते. तिच्याकडे आता किती पावसाळे आहेत, हे ठाऊक असून.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आज सकाळी इंजिनिअरला फोन केला, नाना. उद्या रोलर येतोय. तुम्हाला न विचारता बोलावलाय.