एका हाताची पेटी

आई, या उत्तम शुक्रवारी मी चर्चमध्ये पेटी वाजवली. तीन कडव्यांचं गीत होतं, चाल संथ, आणि दुसऱ्या कडव्यात माझं बोट एकदा घसरलं. एवढंच झालं. पण चोपन्नाव्या वर्षी मंडळीसमोर पहिल्यांदा बसलो होतो, आणि तो मी होतो, हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळण्यासारखं नाही. बायकोला सगळं माहीत आहे, ती तिथंच होती. तरी गेले चार दिवस ड्यूटीवरून आलो की वाटतं, हे तुला सांगायचं राहिलंय. तुला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी अजून धाराशिवच्या स्टँडवरच आहे, कंट्रोल केबिनमध्ये. दिवसभर माइकवरून अख्ख्या स्टँडला गाड्या सांगतो, आणि तुला त्याचंच नवल वाटायचं. शेजारणीला तू हसत सांगायचीस, की ह्याचा आवाज पार बाजारापर्यंत येतो, पण देवळात ह्याला साधी प्रार्थना कर म्हणलं तर घाम फुटतो. तू शेवटपर्यंत चर्चला देऊळच म्हणालीस. केबिनमध्ये मला कुणी दिसत नाही आणि मीही कुणाला दिसत नाही, हे कारण मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत असणारच.

दहा वर्षांचा असतानाचा तो नाताळ मला अजून आठवतो. मला चार ओळी गायच्या होत्या. तू डावीकडं सतरंजीवर पेटी घेऊन बसलेली, पदर खोचलेला, बालवाडीत शिकवताना घालायचीस तोच चष्मा. तू सुरुवातीची चाल वाजवलीस. मी उभा. तू परत वाजवलीस. तिसऱ्यांदा वाजवलीस तेव्हा माझ्याकडं बघून हलकेच ओठ हलवलेस, पहिला शब्द दिलास. तो मला ऐकूही आला. आणि मी बाजूच्या दारातून पळालो, ते थेट घर गाठेपर्यंत थांबलो नाही. दुपारी तू आलीस, पातेलं चुलीवर ठेवलंस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "लोक तुला बघायला येत न्हाईत. देवाला भेटायला येतात. तू मधी उभा राहिलास म्हणून अडखळलास." तुला मला धीर द्यायचा असेल. मला मात्र त्यातलं एवढंच ऐकू आलं, की मी मधे येतो. त्यानंतर तू मला पेटीपाशी कधी बोलावलं नाहीस. शिकवते म्हणालीस एकदोनदा, मी अभ्यासाचं निमित्त काढलं, आणि वडील गेल्यावर तर सगळ्याच गोष्टींना निमित्तं मिळाली.

मग तुझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलणं बरंच सुधारलं होतं, पाय ओढत का होईना चालायला लागलीस, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा. दोनतीन महिन्यांनी एक दिवस मी ड्यूटीवरून आलो तर स्वयंपाकघरात तू खुर्चीवर, समोर स्टुलावर पेटी. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर फिरताहेत आणि आवाज काही नाही. भाता मारायला हात नव्हता. तू तोंडातल्या तोंडात गीत म्हणत होतीस आणि मुक्या पेटीवर ते वाजवत होतीस. बायको भाकरी थापत होती, तिनं माझ्याकडं बघितलं. मी चपला काढल्या, हात धुतले, तुझ्या डाव्या बाजूला पाटावर बसलो आणि भात्याला हात घातला.

पहिल्यांदा जमलंच नाही. मी जोर लावायचो, पेटी भुंकल्यासारखी वाजायची. "जरा दमानं," तू म्हणालीस. "म्या श्वास घेते तवा तूबी घे." मी तुझ्या श्वासाकडं लक्ष द्यायला शिकलो. ओळ संपताना तुझी मान किंचित खाली यायची, तिथं मी भाता सैल सोडायचो. आठवडाभरात असं झालं, की कोणता हात कुणाचा ते ऐकणाऱ्याला कळलं नसतं. रोज संध्याकाळी चहा झाला की आपण बसायचो. तव्यावरची भाकरी फुगायची, तू एखादं जुनं गीत काढायचीस, बायको मागून गुणगुणायची. माझ्या मोठेपणातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असं कुणी विचारलं तर ते हे आहेत, आई. तुझ्या आजारपणातले. हे मी तेव्हा बोललो असतो तर बरं झालं असतं.

एका बुधवारी तू म्हणालीस, "येत्या रविवारी देवळात वाजवू. तू नुसता भाता मार. तुझ्याकडं कुणी बघणार न्हाय." मी नाही म्हणालो नाही. मान हलवली. त्या रात्री जेवण गेलं नाही. सगळी मंडळी समोर, तुझ्याशेजारी मी, भाता चुकला तर तुझंच गीत मोडणार, ही एकच गोष्ट डोक्यात. गुरुवारी मी माझ्या जोडीदाराकडं गेलो, दुसऱ्या कंट्रोलरकडं, आणि त्याची रविवार सकाळची ड्यूटी मागून घेतली. तो चकितच झाला, सुट्टीच्या दिवसाची ड्यूटी कुणी मागतं का. शनिवारी तुला सांगितलं, की वरून ऑर्डर आली, काही करता येत नाही. तू म्हणालीस, "ड्यूटी म्हणल्यावर जावंच लागतंय."

मला वाटलं तू घरीच राहशील. पण तू बायकोला ऑटो बोलवायला लावलंस, पेटी घेतलीस आणि गेलीस. मी येणार नाही हे तू चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं नाहीस. मी दहा वाजता तामलवाडीची गाडी कोणत्या फलाटाला लागलीय ते माइकवर सांगत होतो, त्या सुमाराला तिथं गीत पुकारलं गेलं. लोक तुझ्याकडं बघत थांबले. मग पुढच्या रांगेतली एक बाई उठून आली आणि भाता मारायला लागली. बिचारीनं मनापासून मारला, पण फार जोरात, फार भरभर. दोन ओळींत तू पट्ट्यांवरचा दाब काढून घेतलास आणि मानेनंच खुणावलंस, तुम्ही गा. मंडळीनं पेटीविना गीत म्हटलं. ते संपेपर्यंत तुझा हात पट्ट्यांवर तसाच ठेवलेला होता. हे मला बायकोनं दुपारी ताट वाढताना सांगितलं. रागावून नाही, जे झालं ते सांगावं तसं. मी जेवलो. तेही मला आठवतं, की मी पोटभर जेवलो.

घडलेलं इथंच थांबलं असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती, की निदान तुला ते खोटं कळलं नाही. पण महिन्याभरानं माझा तो जोडीदार तुला भेटायला घरी आला. तुझ्यासमोर बसून त्यानं माझं कौतुक केलं, की त्या रविवारी ह्यानं स्वतःहून माझी ड्यूटी घेतली म्हणून मला गावाकडं लग्नाला जाता आलं. तू त्याच्या पोराबाळांची चौकशी केलीस. लग्नात जेवायला काय होतं तेसुद्धा विचारलंस. मग माझ्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "चहा निवतोय." तो विषय आपल्यात परत निघाला नाही. पेटी कपाटावर गेली. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस, आणि तुझ्या मातीला मंडळीनं तुझी सगळी गीतं पेटीविना म्हटली. वाजवायला कुणी नव्हतंच.

दोन वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब आले. बेंबळीकडं काही कुटुंबं घरी जमून उपासना करतात, त्यांना पेटी हवी होती, आणि आमच्याकडं पडून असलेली देता का म्हणून त्यांनी विचारलं. देतो म्हणालो, दुरुस्त करून देतो. बाजारात पेट्या दुरुस्त करणारे चाचा आहेत ना, तू ज्यांच्याकडं न्यायचीस, तेच. खूप म्हातारे झालेत. त्यांनी पेटी उघडली, आतल्या पट्टीवर कधीतरी पेन्सिलीनं केलेली स्वतःचीच खूण बघितली आणि तुझं विचारलं. तू गेल्याचं ऐकून हातातलं काम खाली ठेवलं. आठ दिवसांनी पेटी आणायला गेलो तेव्हा त्यांनी सूर लावून दाखवला, आणि माझ्या तोंडून निघालं, की चाचा, ही द्यायची नाही, मला शिकवा. पाळकसाहेबांना दुसरी पेटी घेऊन दिली.

दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस गेलो. या वयात बोटं ऐकत नाहीत, आई. चाचा कधी रागावले नाहीत. पाळकसाहेबांना कळल्यावर त्यांनी या वर्षी मला उत्तम शुक्रवारचं एक गीत दिलं. प्रभूची शेवटची सात वचनं, प्रत्येक वचनानंतर एक गीत, तुला माहीतच आहे. मला मिळालं ते तिसऱ्या वचनानंतरचं, वधस्तंभावरचा मुलगा खाली उभ्या असलेल्या आईची सोय लावून देतो त्यानंतरचं. त्यांनी सहज दिलं असणार. त्यांना आपलं काही माहीत नाही. मी चाचांना सांगितलं की भीती वाटते. ते म्हणाले, "घाबरलेला माणूस भाता जोरात मारतो, साहेब. हात धीमा ठेवा. हात धीमा झाला की दिल पण धीमा होतो."

बारा वाजता उपासना सुरू झाली. बाहेर ऊन नुसतं रटरटत होतं, पंखे गरम वारा फेकत होते. पहिली दोन वचनं झाली, त्यांची गीतं झाली. तिसऱ्या वचनाला मी बाजूच्या दाराकडं बघितलं. ते उघडंच होतं. मी बायकोकडं वाकलो आणि म्हणालो, बरं वाटत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "जायचं तर जा," ती म्हणाली. "पाळकसाहेबांना मी सांगते." तिनं अडवलं असतं तर मी गेलो असतो. मी उठलो, आई. खरंच उठलो. आणि उभा राहिल्यावर मला तो रविवार दिसला, जो मी बघितलाच नव्हता. शनिवारीच तुला कळलं होतं की मी येणार नाही. तरी तू एक हात घेऊन आलीस आणि सगळ्यांच्या देखत बसून राहिलीस. तुला तेव्हा भीती वाटली असेल का, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. मी दाराकडं न जाता पेटीकडं गेलो.

भीती गेली नाही. ती घेऊनच बसलो. डावा हात भात्यावर ठेवला आणि चाचांनी सांगितलं होतं तसा सावकाश आत ओढला. पहिला सूर फाटका आला, दुसरा जरा बरा. मग मंडळीनं गीत उचललं आणि इतक्या आवाजांत माझी पेटी कुठं राहिली ते मलाही कळेना. वर बघितलं तर कुणाचे डोळे पुस्तकात, कुणाचे मिटलेले. माझ्याकडं खरोखर कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात बोट घसरलं तेव्हाही लोक गातच राहिले. मी मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी भाता सैल सोडताना डोळ्याच्या कोपऱ्यातून उजवीकडं बघत होतो, मान खाली आली का म्हणून. तिसरं कडवं कसं वाजलं ते मला सांगता येणार नाही.

तीन वाजता सगळे बाहेर पडले. पुढच्या रांगेत बसणारी ती बाई, जिनं त्या रविवारी भाता मारला होता, आता काठी टेकत चालते. तिनं दारात माझा हात धरला आणि विचारलं, आईनंच शिकवलं ना तुला? मागं लोक खोळंबले होते, बायको माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो. चाचांची दोन वर्षांची मेहनत मी तुझ्या नावावर करून टाकली, चर्चच्या दारात, आणि तेही उत्तम शुक्रवारी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पाठवता येतही नाही. पण ते खोटं दुरुस्त करायचं माझ्या मनात नाही, आई. पुन्हा कुणी विचारलं तरी मी हेच सांगणार आहे.