बरणीतली सृष्टी

६ मे १९३४
वाचनालयाची चिठ्ठी आली. वीस तारखेला माझे व्याख्यान! विषय ‘सजीव आणि त्यांची परिस्थिती’. दरवर्षी कोंडाजी मास्तरच बोलतात. आता नाशिकला कळेल.
निश्चय : नुसते बोलायचे नाही, दाखवायचे. बरणीत पाणी, शेवाळ, मासे. मासे शेवाळ खातील, त्यांच्या घाणीवर शेवाळ वाढेल. बाहेरून कणही घालणार नाही.

७ मे
शेजारच्या रहेमान बिस्किटवाल्याची काचेची बरणी आणली. मासे गंगेवरचे, म्हणजे आमच्या गोदावरीतले, पिंड सोडतात तिथले. ही म्हणाली, त्या माशांना कुणी हात लावत नाही. शास्त्रात बायकांचे मत घेत नाहीत.

९ मे
मासे शेवाळाकडे बघत नाहीत. लाजत असावेत.

११ मे, सकाळ
एक मासा कलला. भात टाकला. शिवले नाहीत.
संध्याकाळ. उलगडा झाला! सजीव परिस्थितीने घडतो. हे पिढ्यान्‌पिढ्या पिंडावर पोसलेले. ओला पंचा नेसलो, दक्षिणेकडे तोंड केले, तीळ घालून गोळा सोडला, काहीबाही पुटपुटलो. फस्त! हे खायला घालणे नव्हे, धर्मकृत्य आहे. नियम मोडलेला नाही.

१२ मे
जित्याजागत्या घरात पिंड कसले, म्हणून ही रागाने घोटीला माहेरी गेली. शांतता. अभ्यासाला उत्तम.

१३ मे
भयंकर उकाडा. परिस्थितीशी जुळवून घ्यावे. डोके आणि मिशी, दोन्ही उतरवली.

१५ मे
अंगणात विधी चालू असताना रहेमान कुंपणावरून म्हणाला, “भाऊसाहेब, घोटीचे सासरे गेले का हो? त्यांना पोरगा नाय, तुम्हालाच करावं लागलं.” पुटपुटणे थांबले की मासे तोंड मिटतात. ब्याद टळावी म्हणून मान डोलावली.

१७ मे
लोक सारखे येताहेत. व्याख्यानाची केवढी उत्सुकता! सगळे हळू बोलतात. चहा नको म्हणतात. पलीकडच्या लंकाबाईने पिठलंभात आणला. म्हणाली, “लय वाईट झालं. दोन घास खा, भाऊ.” अभ्यासाने मी वाळलो आहे, ते बाईला दिसले.

१९ मे
वाचनालयाचे चिटणीस आले. हात हातात घेऊन म्हणाले, उद्याची काळजी करू नका. मी म्हणालो, तयारी पूर्ण आहे. त्यांचे डोळे भरून आले. विद्येची कदर असलेला माणूस.

२० मे
बरणी घेऊन सभेला गेलो. दारातल्या फळ्यावर : ‘वक्त्यांना सुतक असल्याने आज कोंडाजी मास्तर बोलतील.’ आत सगळे उभे. शोकठराव चालू. जावयाचे व्याख्यान ऐकायला हिच्याबरोबर घोटीहून आलेले सासरेही मागे टोपी काढून उभे होते. ठरावात त्यांचे नाव आले. ते मटकन खाली बसले. मग सगळी सभा माझ्याकडे बघू लागली. फार लाज वाटली.
मासे गंगेत सोडले. घरी आलो. हिने माझे पाट-पान मांडले होते, दक्षिणेकडे तोंड करून. पानात भाताचा एकच गोळा, वर तीळ.
भूक लागली होती. खाल्ला.