जी नावे मी घेतली नाहीत

मी, सादिर यांची मुलगी बुरुल, राहणार कोचकोर, कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, मन मात्र नाही. हा कागद माझा याआधी फाडून झाला आहे. पुन्हा फाडला तर नोटरीबाई मला दारात उभे करणार नाहीत.

एक. लोकरीचे जाड नमदे कातरायची कात्री, सुया आणि रंगवलेली लोकर शेजारच्या सायराकानला द्यावी. ती शिवण घाईघाईने घालते, पण निदान घालते तरी.

दोन. ओढ्याकाठचे कुरण माझे नाही, म्हणून ते कोणाला देत नाही. का नाही, हे मात्र नोंदलेले असावे. आमच्यात सून सासऱ्याचे, दिराचे, नवऱ्याचे नाव घेत नाही. सासऱ्यांच्या नावात लोखंड आहे, म्हणून मी आजही लोखंडाला 'घट्ट' म्हणते आणि दुकानदार मुकाट्याने खिळे देतो. सामूहिक शेती मोडून जमिनी वाटल्या तेव्हा कचेरीत कारकुनाने विचारले, "कुरण कोणाच्या वहिवाटीतलं?"

मी म्हणाले, "आमच्या थोरल्यांच्या."

"बाई, थोरले सगळ्यांकडेच असतात."

माझे यजमान तेव्हा मेंढ्या घेऊन डोंगरावर होते. धाकटे दीर मागून पुढे आले, बापाचे नाव सांगितले आणि कुरण स्वतःच्या नावावर करून घेतले. बाहेर येऊन मला म्हणतात, "वहिनी, तुझी जीभ घरी राहिली, त्याला मी काय करू?" मी त्यांना माफ केलेले नाही. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांना जेवायला बोलवावे, पण मेंढीचे मानाचे हाड त्यांच्या ताटात वाढू नये.

तीन. राहते घर माझी सून, दिवंगत मुलगा कुबात याची बायको वेनेरा हिला द्यावे. जीव खालीवर होतो तो इथेच. वेनेरा बिश्केकची, रशियन शाळेत शिकलेली, आता मॉस्कोत असते. किरगिझ तिला मोडकेतोडके येते. फोनवर मला "बुरुल सादिरोव्ना" म्हणते. तिच्या भाषेत बापाच्या नावासकट हाक मारणे हा मान आहे हे कळायला मला वर्षे लागली; आधी वाटे, पोरगी उद्धट आहे. दीर म्हणतात, "जिला आपल्या भाषेत धड रडता येत नाही, तिला घर देतेस?" हे मला फार लागले, कारण ते खरे आहे.

कुबातला मॉस्कोहून आणले तेव्हा आम्ही बायका तंबूत भिंतीकडे तोंड करून विलाप गात होतो. वेनेराला त्यातली एक ओळ येत नव्हती. ती नुसती "कुबात, कुबात" करत राहिली. नवऱ्याचे नाव, चारचौघांत. कोणी तरी म्हणाले, "गप्प करा गं तिला." मी त्यासाठी उठले, आणि पुन्हा खाली बसले. माझे यजमान गेले तेव्हा मी सगळा विलाप बिनचूक गायला होता. त्यांना वाघ म्हटले, डोंगर म्हटले, घराचा खांब म्हटले. हाक मात्र मारली नाही. त्या दिवशी मला वेनेराचा हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

नोटरीबाई म्हणतात, "आजी, घर मूळ कोणाचं, मग कोणाकडे आलं, ही नावं तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. उद्या दीरच येऊन सांगतील, मग सुनेला काय मिळणार?"

म्हणून लिहिते. घर मूळ माझे सासरे तेमिरकुल यांचे. त्यांच्यानंतर माझे यजमान बेइशेन यांचे. बेइशेन यांच्यानंतर माझे. माझ्यानंतर वेनेराचे. बेइशेन दुसऱ्यांदा लिहायची गरज नव्हती, असे नोटरीबाईंचे म्हणणे आहे. ते खोडू नये.

सही: बुरुल
कोचकोर, १२ ऑक्टोबर २०२१

साक्षीदार: सायराकान, शेजारीण. इसाबेक, शाळामास्तर.
वरील दोन्ही नावे बुरुल आजींनी आमच्यासमोर मोठ्याने उच्चारली. सासऱ्यांचे एकदा. यजमानांचे किती वेळा, ते आम्ही मोजले नाही.